धुक्याला शून्य गुण

जुलैचा पहिला रविवार, सकाळी अकरा. हजर: मी; नवरा; मुलगी, वय पंधरा; आई, वय चौऱ्याहत्तर; आणि पुण्याहून दादा, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या टॅबलेटवर. विषय एकच: आईला या उन्हाळ्यात कुठे न्यायचं.

घरातल्या बैठकांची मी नोंद ठेवते म्हणून मला हसतात. हसू देत. तोक्योत, तोयोसुच्या एका ऑफिसात मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांची वेळापत्रकं सांभाळते आहे. कोण काय म्हणालं आणि शेवटी काय ठरलं हे लिहून ठेवलं नाही, तर तीन आठवड्यांनी प्रत्येकाला वेगळंच आठवतं. घरी तर तीन तासही लागत नाहीत.

आई एप्रिलच्या शेवटी तोक्योतल्याच एदोगावाला आमच्याकडे आली होती, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आता जेमतेम तीन आठवडे उरले होते. दीड वर्षापूर्वी तिच्या हृदयात एक स्टेंट बसला. तोवर ती कराडला एकटी राहायची, स्वतःची भाजी स्वतः आणायची, वाचनालयाच्या समितीवर भांडायची. स्टेंटनंतर दादाने तिला पुण्याला नेलं. दादा वाईट माणूस नाही. हॉस्पिटलात सहा दिवस तो खुर्चीवर बसून झोपला आणि मी इथून फोन करत होते, हे मी विसरलेले नाही. पण त्या सहा दिवसांत आईचे सगळे निर्णय त्याच्या हातात गेले ते गेलेच. आमटीत मीठ किती, बागेत फेऱ्या किती, कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या नाही. जपानला ती आली तीही त्याच्या अटींवर. रोज त्याच्या सकाळी साडेसातला, म्हणजे आमच्या अकराला, व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न ठरलेला: "गोळी घेतलीस?"

तर बैठक. मी तक्ता छापून प्रत्येकाच्या हातात दिला होता. माझ्याकडे 'पाहुणे' नावाची एक फाइल आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला कुठे न्यायचं ते तीत ठरलेलं असतं. सासू-सासरे, नणंद, नवऱ्याचे मित्र, मित्रांचे आई-वडील, सगळ्यांना मी तेच चार दिवस दाखवले आहेत. डोंगर, मोठा बुद्ध, देवळांची रांग, परत. या वेळी तोक्योत उकाडा असह्य होता, म्हणून तक्त्याचा मथळा बदलला: 'उत्तरेकडे'. सात ठिकाणं आणि पाच रकाने: जिने, संडास, शाकाहार, हॉस्पिटल, दिसण्यासारखं. प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिली आली फुरानो, लॅव्हेंडरच्या शेतांमुळे. शेवटची आली कुशिरो.

कुशिरो मी घातलं होतं ते केवळ आईने दोनदा विचारलं म्हणून.

आईने चष्मा लावून तक्ता वाचला. ती एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होती. कागद वाचताना तिचा उजवा हात अजूनही आपोआप लाल पेन शोधतो.

"कुशिरोला 'दिसण्यासारखं'मध्ये शून्य?"

"आई, तिथे उन्हाळाभर धुकं असतं. काही दिसतच नाही."

"मला तेच बघायचंय."

टॅबलेटमधून दादा हसला. "आई, धुकं बघायला जपान कशाला? महाबळेश्वरला नेतो की. तीन तासांत."

"महाबळेश्वरला असतो तो ढग. हे समुद्रावरचं धुकं. गार प्रवाहावरून उबदार हवा गेली की तयार होतं. तुला घरी शिकवलंय मी, आठवीत."

"मला आठवीतलं काहीही आठवत नाही."

"माहिती आहे. सराव पेपर मीच तपासला होता."

मुलगी फिस्सकन हसली. नवऱ्याने कपात तोंड घातलं. तो विद्यापीठात संशोधन करतो. त्याला दर एक दिवसाआड आपल्या काचेच्या बशीतल्या पेशींना खाऊ घालावा लागतो, त्यामुळे कोणत्याही सहलीला तो येणार नव्हता. वादात पडायलाही त्याचा नकार होता. "आई, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच तो म्हणाला. त्याचा काही उपयोग नव्हता.

दादाचा आवाज बदलला. "हे बघा. ते कुठलं तरी टोकाचं गाव. दुखायला लागलं तर काय करणार? फुलांच्या शेतात न्या, फोटो काढा, परत या. त्या टोकाला न्यायची मी परवानगी देत नाही."

परवानगी. हा शब्द टेबलावर पडला आणि कुणी उचलला नाही. मीही नाही. आईने तक्त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि म्हणाली, "भात गार होतोय."

त्या दिवसाच्या नोंदीत माझ्या हातचं वाक्य आहे: 'निर्णय: फुरानो. सर्वानुमते.' सर्वानुमते हे खोटं होतं. मी वीस वर्षं ज्या पद्धतीने नोंदी लिहिते त्यात शेवटी न बोललेला माणूस राजी धरला जातो.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर फ्रिजवर, कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी, माझाच तक्ता उलटा लावलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर आईने जपानचा नकाशा काढला होता, हातानेच, पण किनाऱ्याचं एकही वळण चुकलेलं नाही. मुलीच्या रंगीत पेन्सिली घेऊन दक्षिणेकडून येणारा उष्ण प्रवाह लाल बाणांनी, उत्तरेकडून येणारा शीत प्रवाह निळ्या बाणांनी. कुरोशिओ, ओयाशिओ. दोघे भेटतात तिथे पेन्सिलीने बारीक ठिपके: धुकं. लहानपणी अशा नकाशांच्या शेकडो वह्या आमच्या घरात पडलेल्या असायच्या, जेवायचं ताट ठेवायला जागा नसायची. नकाशाखाली तिने प्रश्न लिहिला होता:

'भौगोलिक कारणे द्या. आईला कुशिरोला नेता येणार नाही. (गुण ३)'

आई गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती. आत बघत नव्हती. मी पर्स न ठेवताच उभी राहिले आणि मनात उत्तर मांडायला लागले, कारण समोर प्रश्न असला की मला तो सुटल्याशिवाय जेवण जात नाही.

कारण एक, हृदय. पण तिच्या डॉक्टरांचं पत्र माझ्याच फाइलीत होतं: विमानप्रवासाला, चालायला हरकत नाही, दम लागला तर थांबावं. कारण दोन, हॉस्पिटल. माझ्याच तक्त्यात कुशिरोला हॉस्पिटलच्या रकान्यात आठ गुण होते; शहर मोठं आहे. फुरानोला मी सहा दिले होते. कारण तीन?

तीन म्हणजे दादा. आणि दादा हे भौगोलिक कारण नाही.

"शून्य मिळाले मला," मी गॅलरीत जाऊन म्हणाले.

"पूर्ण उत्तर लिहिलंस का?"

"लिहायला काही नाहीच आहे."

"मग असे विद्यार्थी काय करायचे? प्रश्नच रद्द करा म्हणून बाईंकडे यायचे." तिने टॉवेलाला चिमटा लावला. "मी चाळीस मुलींच्या वर्गात दरवर्षी सांगत आले, इथे दाट धुकं असतं. कशावरून? पुस्तकात आहे म्हणून. कधी वाटायचं, कुणी उठून विचारलं की बाई, तुम्ही बघितलंय का, तर काय सांगू? कुणी विचारलं नाही. आमच्या मुली गुणी होत्या."

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं, फुरानो रद्द. मुलगी म्हणाली, "याबाई," म्हणजे इथल्या जपानी पोरांच्या भाषेत भारीच. नवरा म्हणाला, "मला काही माहीत नाही. मी लॅबमध्ये आहे."

"दादाला काय सांगायचं?" मी विचारलं.

आईने पोळीचा घास संपवला. "खोटं अजिबात बोलायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं तर नाही सांगायचं. आल्यावर मी सांगेन."

मी यादी उघडली आणि शेवटची ओळ घातली: 'दादाला सांगणे. जबाबदारी: आई.' तिने वाचून मान हलवली.

मग मी माझ्या कामाला लागले, आणि इथेच माझ्याकडून ती चूक झाली. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली होती, मला सुट्टी कोणत्याही तीन दिवसांची मिळणार होती, म्हणून तारखा निवडायला वाव होता. मी दहा दिवसांचा हवामानाचा अंदाज उघडला, तिथल्या छोट्या चित्रांवरून नजर फिरवली आणि सहलीसाठी जसे दिवस निवडते तसे निवडले. विमान, पुढची आगगाडी, गावातली राहायची सोय असलेली घरगुती खानावळ, सगळं चाळीस मिनिटांत. शाकाहाराबद्दल खानावळीच्या मालकिणीला मी तीन वाक्यांत लिहिलं: मासे नाहीत, मांस नाही, माशांचं पाणीही नाही. ऑफिसातल्यासारखी यादी पूर्ण करून मी झोपले.

हानेदाहून विमान सुटलं तेव्हा आईच्या मांडीवर पिशवी होती. तीत दशम्या, मेतकूट, लसणीची चटणी, औषधांचा डबा आणि फ्रिजवरून काढलेला तो नकाशा. कुशिरोहून पुढे एका डब्याची डिझेल गाडी. तासभर गवताळ दलदल, मधूनच एखादं हरीण रुळांजवळ, ड्रायव्हर भोंगा वाजवायचा आणि हरीण मान वळवून विचार करायचं. आई खिडकीला नाक लावून बसली होती. गाव आलं. आम्ही उतरलो.

आकाश निळंशार होतं. एकही ढग नाही. समुद्र इतका लखलखीत की आईने डोळ्यांवर हात धरला.

खानावळीची मालकीण दारात वाकून हसली. "नशीबवान आहात हो तुम्ही! गेले बारा दिवस धुकं होतं. आज पहिल्यांदा ऊन पडलंय. उद्याही असंच राहणार."

मी बुटांची नाडी सोडत होते. हात थांबले.

"ममा," मुलगी जपानीत म्हणाली, मग आजीला कळावं म्हणून मराठीत, "तू सूर्याची चित्रं बघून बुकिंग केलंस?"

मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागले.

"तू सूर्याची चित्रं बघून बुकिंग केलंस!"

वीस वर्षांत पिवळं गोल चित्र दिसलं की तिथे क्लिक करायचं, एवढंच माझ्या बोटांना माहीत होतं. धुकं बघायला मी महिन्यातले नेमके तीन कोरडे दिवस शोधून काढले होते. मुलगी हसून हसून पायरीवर बसली. आई हसली नाही.

"प्रश्न न वाचता उत्तर लिहिलंस," ती म्हणाली आणि आत गेली.

जेवायला गरम सूप आलं, भात, भाज्या. आईने सूप हुंगून बाजूला सारलं. मालकिणीने घाईघाईने सांगितलं की यात मासा नाही, फक्त कोंबु, हे इथलंच समुद्री शेवाळ, उन्हात वाळवलेलं. आईने चमचाभर घेतलं. मग वाटी संपवली. शाकाहाराच्या रकान्यात मी कुशिरोला दोन गुण दिले होते. तो आकडा मी तिथेच बसून खोडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. अकराला दादाचा फोन आला. आई खोलीत भिंतीला पाठ लावून बसली.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"कुठे आहेस?"

"खोलीत."

"बरं. फुलं कशी आहेत?"

"अजून बघितली नाहीत."

हे अक्षरशः खरं होतं. मी पडद्याआड उभी राहून ऐकत होते आणि मला माझ्या आईचा अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. तिथे वाळू नाही, मुठीएवढे गोल दगड पसरलेले, आणि त्यावर काळसर तपकिरी कोंबुचे पट्टे, माणसाच्या उंचीहून लांब, एकाशेजारी एक मांडलेले. रबरी बूट आणि फुलाफुलांची टोपी घातलेली एक म्हातारी प्रत्येक पट्टा उचलून पालथा घालत होती. आईच्याच वयाची असावी. जवळ एक पालथा खोका होता. म्हातारीने आईकडे पाहिलं आणि काही न बोलता पायाने तो खोका तिच्याकडे ढकलला. आई बसली.

"कुठून आलात?" तिने विचारलं. मुलगी दुभाष्या झाली. एरवी आम्ही मराठीत विचारलं तर ती जपानीत उत्तर देते आणि आई रुसते; त्या दुपारी मात्र ती दोन्ही बाजूंना भरभर बोलत होती.

"भारतातून. धुकं बघायला."

म्हातारीने मुलीला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग कमरेवर हात ठेवून अशी हसली की दूरवर काम करणारे दोघे वळून बघायला लागले.

"धुकं? घ्या की! सगळं घेऊन जा! पोत्यात भरून देते. बारा दिवस होडी बाहेर नाही काढता आली. सकाळी मच्छीमार सोसायटीचा झेंडा वर गेला तरच कोंबु काढायला जायचं, आणि ऊन नसेल तर झेंडा नाही. ओला कोंबु ठेवायचा कुठे? डोक्यावर?"

आईने हे ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला. "तिला सांग," ती नातीला म्हणाली, "माफ करा. मी पुस्तकात फक्त 'मासेमारीस अनुकूल' एवढंच शिकवलं. धुक्यात कुणाचं काम बंद पडतं, हे त्यात नव्हतं."

म्हातारीने हात झटकला. "तुमच्या मागण्याने येतंय होय! वारा दक्षिणेकडून फिरला की येतं. आज नाही, उद्या रात्री फिरेल. परवा सकाळी तुमचं धुकं आणि माझी सुट्टी."

आमचं परतीचं विमान उद्या दुपारी होतं.

खानावळीकडे परतताना थोडा चढ आहे. अर्ध्यात आई थांबली, एका हाताने माझा दंड धरला, दुसरा छातीवर ठेवला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या क्षणी मला दादाचा चेहरा दिसला, हॉस्पिटलच्या खुर्चीतला, दाढी वाढलेला. तो बरोबर असेल तर? मी तिला इथवर आणली ती कशाच्या जोरावर, तर एका हट्टाच्या.

"आई, दुखतंय?"

"चढ आहे."

"खरं सांग."

"अगं, चढ आहे म्हणून दम लागला. चढ नसता तर नसता लागला. दोन मिनिटं उभी राहू दे, आणि असं टक लावून बघू नकोस, मी काय ज्वालामुखी आहे?"

दोन मिनिटांनी तिचा श्वास खाली आला. मी घड्याळ लावून बघितलं, सव्वादोन मिनिटं. डॉक्टरांच्या पत्रात जे लिहिलं होतं तेच झालं होतं, त्याहून जास्त काही नाही. आणि तिथेच, त्या चढावर, माझ्या डोक्यात सगळं एका रांगेत उभं राहिलं. गोळ्या पाच दिवसांच्या होत्या. मी नेहमी दोन दिवसांच्या जास्त घेते. खोली रिकामी होती. व्हिसा अजून दहा दिवस होता. परवा सकाळी माझ्या ऑफिसात तिमाहीचा आढावा होता आणि तो मी मांडायचा होता. तो दुसरा कुणीही मांडू शकला असता. तो नेहमीच दुसरा कुणीही मांडू शकला असता.

"परवापर्यंत थांबतोय," मी म्हणाले.

"तुझं ऑफिस?"

"ऑफिसात आकडे दुसरं कुणीही दाखवेल. धुकं नाही."

साहेबांना मी एका ओळीचं पत्र पाठवलं: हवामानामुळे परतीचा प्रवास दोन दिवस पुढे गेला आहे. या देशात हवामान म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. काळजी घ्या, असं उत्तर आलं. लोक धुक्यामुळे अडकतात. मी धुकं नाही म्हणून अडकले होते. तेवढं मी लिहिलं नाही, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

तिसऱ्या दिवशीही ऊन होतं. आई दिवसभर विश्रांती घेत होती, मी तिला चढाच्या जवळपासही फिरकू दिलं नाही, आणि तिने तक्रार केली नाही. संध्याकाळी ती खिडकीत उभी राहून ओलं बोट वर धरायची. मालकिणीने दाराला टांगलेली कापडी पट्टी उलट्या दिशेला हलायला लागली तेव्हा आईने आम्हाला हाका मारून बोलावलं.

चौथ्या सकाळी उठले तर खिडकीबाहेर काही नव्हतं. समोरचं घर नव्हतं, तारा नव्हत्या, रस्ता नव्हता. आई तयार होऊन दारात बसली होती. स्वेटर, कानटोपी, काठी, पायात मुलीचे बूट.

चढाच्या खालच्या अंगाला टॅक्सी थांबवून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. दगड पायाखाली वाजत होते, पण दिसत नव्हते. कोंबु वाळवायची जागा रिकामी. शेडच्या दारात म्हातारी चहा घेत बसली होती. आम्हाला ओळखून तिने पेला वर केला.

"आलं बघा तुमचं!"

आई एकटीच पुढे गेली. दहा पावलांवर ती धूसर झाली, पंधरा पावलांवर नुसती कानटोपी राहिली. मी मागोमाग निघणार तोच मुलीने माझी बाही धरली. "थांब ना. आवाज येतोय तिच्या काठीचा."

येत होता. टक, टक. मग थांबला.

अकरा वाजता आईच्या खिशातला फोन वाजला. आम्ही दोघी धावत तिच्यापाशी पोचलो. तिने फोन समोर धरला. पडद्याच्या एका कोपऱ्यात दादा, चहाचा कप हातात, आणि दुसऱ्या चौकटीत आई, कानटोपीवर पाण्याचे बारीक थेंब, मागे पांढरं.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"आई, तुझ्या कॅमेऱ्यावर काहीतरी आहे. मागचं काही दिसत नाही. पूस जरा."

आईने पदराने कॅमेरा पुसला. "पुसला."

"अजून पांढरंच दिसतंय."

"हो ना," आई म्हणाली. "किती छान आहे."

"बाहेर आहेस का? आवाज कसला येतोय?"

मी श्वास रोखला. मुलीने डोळे मिटले.

"समुद्राचा," आई म्हणाली.

दादाने घोट घेतला. "हां, तोक्योला समुद्र आहेच म्हणा. गार वाऱ्यात फार वेळ बसू नकोस. ठेवतो."

फोन बंद झाला. तिघींपैकी आधी कोण हसलं ते आठवत नाही. शेडमधून म्हातारीने ओरडून विचारलं, काय झालं, आणि मुलीने तिला सांगितलं, तेव्हा तीही हसायला लागली. धुक्यात तिचं नुसतं हसणं ऐकू येत होतं.

आईने मग काठी बगलेत धरली. पिशवीतून नकाशा काढला, उघडला, पण तो लगेच ओलसर झाला म्हणून परत ठेवला. वाळलेल्या कोंबुचा, मिठाचा, ओल्या दगडांचा असा एक वास तिथे भरून राहिला होता.

"याला वास असतो," ती म्हणाली. "एकतीस वर्षं. एकाही मुलीला मी सांगितलं नाही की याला वास असतो."

आठवड्याने ती गेली. विमानतळावर तिने व्हीलचेअर नको म्हणून सांगितलं आणि ती सुरक्षा तपासणीच्या रांगेत काठी घेऊन ताठ उभी राहिली.

तक्ता मी सुधारला आहे. रकाने आता सहा आहेत. पहिला रकाना 'कुणाला हवंय' हा, आणि तो रिकामा असेल तर पुढचे भरायचे नाहीत. 'दिसण्यासारखं'मध्ये कुशिरोला शून्यच ठेवलं आहे. ते बरोबर आहे. काही दिसलं नाही. मला कुणी विचारलं की आईला घेऊन तू एवढा धोका का पत्करलास, तर मी त्याला तिच्या डॉक्टरांचं पत्र दाखवीन, गोळ्यांची मोजणी दाखवीन, आणि तरीही त्याचं समाधान झालं नाही तर त्याला महाबळेश्वरला पाठवीन.

दर रविवारी अकराला आता मी फोन करते. आई सोफ्यावर, शेजारी दादा.

"आई, ते एक काम राहिलंय ना."

"आहे लक्षात."

"कसलं काम?" दादा विचारतो.

"शाळेचं आहे रे," आई म्हणते. मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "पुस्तकात उदाहरणं दोन होती. दुसरं न्यूफाउंडलंडचं. तिथेही असतंच, उन्हाळ्यात."

न्यूफाउंडलंडला मी तक्त्यात नवी ओळ दिली आहे. पहिला रकाना भरला आहे, बाकीचे चालू आहेत. जुलैच्या यादीत सव्वीस कामं होती, पंचवीस खोडून झाली. शेवटची तशीच आहे: 'दादाला सांगणे. जबाबदारी: आई.'